उजवा इंडिकेटर

९ फेब्रुवारी, रविवार

आजपासून डायरी. चौतीस वर्षं वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये दर तासाला लॉगबुक लिहिलं. रिटायर होऊन आठ महिने झाले, तरी हात स्वस्थ बसत नाही. शिवाय आता लिहायला विषय आहे. गाडी घेतली. पांढरी, सेकंड हँड, पण एका डॉक्टरची, म्हणजे जपून वापरलेली. कमलाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "डाक्टरनं विकली काऊन मंग?" हिला चांगलं काही दिसतच नाही.

गाडीची गरज होतीच. करिश्मा चामोर्शीच्या दवाखान्यात नर्स आहे. नातीला पाहायचं म्हटलं की ऊर्जानगरहून दोन बस बदला, उभ्याने जा, उभ्याने या. या वयात कुणी सांगितलंय?

चालवायला लहानूने शिकवलं. लहानूने स्टाफची बस सत्तावीस वर्षं चालवली. त्याच्या बसमागे स्कूटरवर मी किती वेळा ड्यूटीला गेलो असेन! चढावर पुढचं दिसत नसलं की तो उजवा इंडिकेटर लावायचा, म्हणजे 'या, उजवीकडून निघा'. आम्ही सगळे स्कूटरवाले भराभर निघायचो. एकदाही कुणाला खरचटलं नाही. याला म्हणतात ड्रायव्हर!

१६ फेब्रुवारी, रविवार

पहिल्यांदा चामोर्शीला जाऊन आलो. जाताना शंभर ट्रक मोजले आणि मग मोजायचं सोडलं. खाणीचे सगळे. ताडपत्री अर्धी उडालेली, लाल धूळ सगळीकडे. रस्त्याकडेच्या पळसाची पानं लाल, कपडे लाल, माझी पांढरी गाडी लाल. लोकांनी श्वास कसा घ्यायचा? धान पिकवणाऱ्याने लाल तांदूळ खायचा का? कुणाला काही वाटत नाही. रस्ता आमच्या करातून झाला आणि आम्हीच कडेकडेने चाललो आहोत.

जे ट्रक साइड देत नाहीत त्यांचे नंबर या डायरीच्या मागच्या पानांवर लिहायला सुरुवात केली. कमलाला म्हटलं, तू वाच, मी घरी लिहीन. ती म्हणाली, "नंबर पाहू का रस्ता पाहू?" रस्ता पाहायला मी आहे ना.

२ मार्च, रविवार

अर्धा तास एकाच ट्रकच्या मागे. अंतर ठेवलं की मागचा कुणीतरी मध्ये घुसतो, म्हणून मी मुद्दाम चिकटून चाललो. इतका की ट्रकच्या मागच्या फाळक्यावरचे खिळे दिसत होते. हॉर्न चालूच ठेवला. तर ड्रायव्हरने खिडकीतून हात काढला आणि मागे, मागे असा हलवला. मला! काय उद्धटपणा हा!

"अवो, तो मांगं राहा म्हनते," कमला म्हणाली.

मी आणखी जवळ गेलो. आणि या महाशयांनी खड्डा पाहून खाडकन ब्रेक मारला. माझी गाडी त्याच्या फाळक्यापासून एका वितीवर थांबली. ब्रेक मारताना मागच्याला सांगायची पद्धतच नाही या लोकांत. नंबर लिहून ठेवला आहे.

१६ मार्च, रविवार

आजच लिहितो, कारण अशा गोष्टी त्याच दिवशी लिहायच्या असतात.

मूल गाव सोडून बरंच पुढे आलो होतो. दुपारचे साडेबारा. पुढे भरलेला ट्रक, नेहमीसारखा. मी पंधरा-वीस मिनिटं मागे होतो, हॉर्न देत होतो. पुढे मोड होती, पलीकडचं न दिसणारं वळण. तेवढ्यात त्याने उजवा इंडिकेटर लावला. मनात म्हटलं, चला, एक तरी सभ्य माणूस भेटला. गाडी बाहेर काढली. कमला काहीतरी बोलली, पण हॉर्नमुळे ऐकू आलं नाही. ट्रकच्या मध्यापर्यंत पोचलो आणि समोरून मोटरसायकल!

ट्रकवाल्याने काय करावं? त्याने अख्खा डांबरी रस्ता सोडला आणि ट्रक डावीकडे झाडात घातला. त्यामुळे मला जागा मिळाली आणि मी निघालो, हे माझं नशीब. माझा डावा आरसा गेला. मोटरसायकलवाला त्याच्या बाजूच्या खड्ड्यात पडला. ट्रक सागाच्या झाडाला टेकून तिरपा, चाकं मातीत, लाल माल रस्त्यावर सांडलेला. धडधाकट रस्ता सोडून कुणी झाडात गाडी घालतं का? पिऊन असणार, दुसरं काय!

जवळच्या गावातले लोक धावत आले. दहा-पंधरा जण असतील. उभे राहून, काय झालं, कसं झालं, विचारत होते. ड्रायव्हर खाली उतरून काहीतरी सांगत होता. मी त्याच्याकडे बोट करून ओरडलो, "यानंच मारलं! यानंच!" मग लोकांनी त्याला धरला. मार बसला. मी अडवलं नाही. खरं लिहायचं तर बरं वाटलं. महिनाभराची धूळ होती छातीत.

कमला तिकडे गेलीच नाही. ती खड्ड्यात उतरून त्या मोटरसायकलवाल्याचं डोकं पदराने दाबून बसली होती. सुनिल नाव त्याचं, जवळच्याच गावचा. घरी येईपर्यंत कमला एक शब्द बोलली नाही. धक्का बसला आहे तिला.

१७ मार्च, सोमवार

ठाण्यात जबाब दिला. ट्रकने पुढे जाण्याचा इशारा दिला आणि मी बाजूला आल्यावर ताबा सोडला, असं स्वच्छ सांगितलं. हवालदाराने एकही शब्द खोडला नाही. गुन्हा ट्रकवाल्यावर.

संध्याकाळी वामनराव आले. ट्रकविरोधी कृती समितीचे अध्यक्ष, रिटायर हेडमास्तर. त्यांचा पुतण्या दोन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर ट्रकखाली गेला. कोर्टात उभा राहायला एक साक्षीदार मिळाला नाही. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "गुणवंतराव, तुमच्यासारखा शिकलेला माणूस आमाले आजवर भेटला नाई." त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले.

२३ मार्च, रविवार

परवा मूल गावात रस्ता रोको झाला. मी माइकवर बोललो. आयुष्यात पहिल्यांदा. सात मिनिटं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिवसा ट्रक बंद ठेवण्याचा विचार करू, असं तहसीलदार साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. पेपरात माझा फोटो आला, 'प्रत्यक्षदर्शी' म्हणून. कमलाने तो पेपर आज पोळ्यांखाली घातला. मुद्दाम नसेल.

संध्याकाळी करिश्माचा फोन. सुनिलचा पाय मोडला आहे, पण शुद्धीवर आहे.

"बाबा, अन् तुमचा ड्रायवरबी इथीच आहे, बाजूच्या वार्डात. पोचू नाव आहे त्याचं. सिरोंचाकडचा. समोरचे दोन दात गेले. जामीन झाला, पन लायसन ठान्यात जमा आहे. नोकरीवरून काढलं म्हनते."

"काढाच लागते अशा लोकाइले."

"बाबा, तो सुनिल म्हनते, समोरून पांढरी गाडी आली."

"पांढऱ्या गाड्या काय कमी आहेत या जिल्ह्यात?" मी म्हटलं. तिने फोन ठेवला. डोक्याला मार बसलेल्या माणसाच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा, हे नर्सला तरी कळायला पाहिजे.

२९ मार्च, शनिवार

लहानू आला होता. कौतुक करायला आला असेल म्हणून चहा ठेवायला सांगितला. त्याने दोन घोट घेतले आणि विचारलं,

"गुणवंतभाऊ, पेपरात वाचलं. पन एक सांगा. इंडिकेटर कोनता देल्ला त्यानं?"

"उजवा. म्हनून त मी निंघालो."

त्याने कप खाली ठेवला. "अन् तुमी गेले?"

"तुमीच शिकवलं न? उजवा म्हंजे या."

"अरे बाप्पा!" लहानूने कपाळाला हात लावला. "ते आपल्या कॉलनीचं होय न भाऊ! म्या सुरू केलं, बाकीच्या बसवाल्याइनं धरलं. तुमी मले वळखत होते, मी तुमाले वळखत होतो. तिथी चालून गेलं. रोडवर कुठी चालते ते? ट्रकवाला मोडीवर उजवा देते म्हंजे समोरून कोनी येऊन राह्यलं, नोका येऊ. अन् त्याले खरंच उजवीकडे वळाचं असन तरी उजवाच देते न! कसंई पाहा, उजवा म्हंजे थांबा."

"हे मले शिकवताना काऊन नाई सांगितलं?"

"मले वाटलं, हे त कोनालेई माहीत असते."

कोणालाही! मी त्याला चहासुद्धा संपवू दिला नाही. त्याची चप्पल दारात उलटी पडली होती, ती घालायलाही न थांबता हातात घेऊन गेला.

३० मार्च, रविवार

रात्रभर संताप. सकाळी लायसन्सच्या वेळचं पुस्तक शोधलं. दोनदा वाचलं. उजवा इंडिकेटर म्हणजे वाहन उजवीकडे वळणार आहे. बस. माझ्या बाजूचं एक वाक्य नाही त्यात. वळणावर ओव्हरटेक करू नये, हे मात्र चौकटीत छापलं आहे. ते मी परीक्षेच्या वेळी पाठ केलं होतं.

कंट्रोल रूममध्ये एका दिव्याचे दोन अर्थ असते तर अर्धं चंद्रपूर अंधारात गेलं असतं आणि आमच्या नोकऱ्या गेल्या असत्या. इथे हजारो माणसं रोज जीव घेऊन निघतात आणि दिव्याचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा! सत्तावीस वर्षं बस चालवणारा चुकीचं शिकवतो, लायसन्स देणारा अर्धा किलोमीटर चालवून पाहतो, ट्रकवाले मनात येईल ते करतात. या सगळ्यात माझीच चूक कशी?

माझी चूक आहे असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

६ एप्रिल, रविवार

चामोर्शीला बसने गेलो. गाडीचा आरसा अजून बसवलेला नाही, हे कारण. करिश्माने सांगितलं होतं की पोचू आज ड्रेसिंगला येणार.

व्हरांड्यात बाकावर बसला होता. चाळिशीचा, सडपातळ. मी मनात उभा केला होता तो धिप्पाड, लाल डोळ्यांचा माणूस होता. बोलताना हा तोंडावर हात धरतो.

"मले वळखलं का?" मी विचारलं.

"पांढरी गाडी," तो म्हणाला. "वळखलं, सार."

मी बसलो. काय विचारायचं ते येताना बसमध्ये ठरवलं होतं, ते सगळं विसरलो. त्यानेच सांगायला सुरुवात केली, अगदी हळू.

"तुमी लय वेळ मांगं चिकटून होते. हॉर्न आयकू येते, आरशात गाडी नाई. तुमाले माझा आरसा दिसत नाई, त मले तुमी दिसत नाई, सार. मंग मोड आली. मी उंच बसतो, मले तो मोटारसायकलवाला पयले दिसला. उजवा देल्ला. तरी तुमी आले."

"मंग ट्रक झाडात काऊन घातला?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. हा प्रश्न त्याला खरंच समजला नसावा.

"भरलेली गाडी हाये, सार. ब्रेक मारला म्हनून थांबते का? सरळ राह्यलो असतो त तुमी, तुमची बाई, तो सुनिल, तिघंई गेलते. डाव्या अंगाले झाड होतं. झाडात मानूस नव्हता."

"पोलिसाइले काऊन नाई सांगितलं हे?"

"सांगतलं. तोंड सुजलं होतं, त्याइले समजलं नाई. अन् मंग तुमचा कागद आला. तुमी सायब मानूस."

त्याने माझ्याकडे काहीच मागितलं नाही. जबाब बदला म्हणाला नाही, शिवी दिली नाही. मला त्याचाच राग आला. भांडला असता तर मी उत्तर तरी दिलं असतं.

८ एप्रिल, मंगळवार

दोन दिवस जेवण गोड लागत नाही. आज दुपारी कमलाला विचारलं, "तू काय म्हनलं होतं त्या टायमाले?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. "थांबा म्हनलं. तो नाई म्हनते, थांबा."

"तुले कसं माहीत?"

"कुरखेड्याले माहेरी जाऊन राह्यली चाळीस वर्सं. ड्रायवरच्या मांगच्याच सीटवर बसते मी. तुमी पेपर वाचत जाता, मी रस्ता पाहत जाते."

"मले आयकू नाई आलं."

"आलं," कमला म्हणाली. "तुमी मले म्हनलं, तू गप राह्य."

ताट घेऊन ती आत गेली.

ऐकू आलं होतं. १६ मार्चला मी इथे खोटं लिहिलं, माझ्याच डायरीत, जी दुसरं कुणी वाचणार नाही. लॉगबुकमध्ये खाडाखोड चालत नाही. चुकलेली नोंद तशीच ठेवायची आणि खाली दुरुस्ती लिहायची. म्हणून ते पान फाडत नाही. दुरुस्ती: मला दोघांनी थांबवलं होतं, ट्रकने आणि बायकोने. दोघांचंही मी ऐकलं नाही, कारण एक ट्रक होता आणि एक बायको.

१५ एप्रिल, मंगळवार

काल जयंतीच्या मिरवणुकीत वामनराव दिसले, पण तिथे बोलणं झालं नाही. आज घरी जाऊन सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले,

"गुणवंतराव, त्या रस्त्यानं किती लोक गेले, माहीत आहे न तुमाले?"

"माहीत आहे."

"पयल्यांदा साहेब लोक आपलं आयकून राह्यले. आता तुमी फिरले त उद्या ते म्हनतीन, हे समितीवाले खोटे साक्षीदार उभे करतात. माह्या पुतण्याची केस कोन आयकन मंग? त्या ड्रायवरचं काय, त्याले दुसरी गाडी भेटून जाईन."

"लायसन रद्द झाल्यावर?"

"आपल्या लेकराइपेक्षा तो मोठा झाला का तुमाले?"

मी उठलो. ते दारापर्यंत आले नाहीत. रस्ताभर माझं अंग रागाने जळत होतं. त्यांचं खोटं कुठे आहे? ट्रक दिवसा बंद व्हायलाच पाहिजेत, ताडपत्री नीट बांधायलाच पाहिजे, आणि त्यांच्या पुतण्याला मारणारा कुठेतरी आरामात गाडी चालवतो आहे. हे सगळं खरं आहे. आणि या सगळ्या खऱ्याच्या बुडाशी माझा एक खोटा कागद आहे. तो मी काढला की वामनराव पडतात, ठेवला की पोचू. कुणी मला असं कोंडीत धरलं? तर मीच. हे लिहितानासुद्धा दुसरं कुणाचं तरी नाव सापडतं का ते मी शोधतो आहे.

१७ एप्रिल, गुरुवार

ठाण्यात गेलो. कमला म्हणाली, "मीबी येते." बसने गेलो. ती ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली, मी तिच्या बाजूला.

हवालदार तोच. पुरवणी जबाब द्यायचा आहे म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं.

"काका, तुमी शिकलेले मानूस. हे लिहून देल्लं त गुन्हा तुमच्यावर येते. समजून राह्यलं न?"

"समजून राह्यलं. लिहा."

"तारखा लागतीन. लायसन इथी जमा करा लागन. या वयात कशाले?"

"लिहा म्हटलं ना!"

त्याने लिहिलं. वळणावर मी ओव्हरटेक केलं. ट्रकने उजवा इंडिकेटर देऊन थांबायला सांगितलं होतं. पत्नीने सांगितलं होतं. ट्रकचालकाने आम्हाला वाचवण्यासाठी वाहन रस्त्याखाली घेतलं. मी सही केली. कमलाचाही जबाब घेतला. तिने मी सांगितलं त्याच्या निम्म्या शब्दांत सगळं सांगितलं आणि सही मात्र पूर्ण नावाची, सावकाश केली. लायसन्स टेबलावर ठेवलं. चार महिन्यांचंही झालं नव्हतं.

बाहेर बाकावर पोचू बसला होता. आज त्याची हजेरी. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि म्हटलं, "लिहून देल्लं. सगळं. तुमचं लायसन परत भेटन."

आता खरं लिहायचं ठरवलंच आहे, तर हेही लिहितो. तो हात जोडेल, असं मला वाटलं होतं. मी 'राहू द्या, राहू द्या' म्हणायच्या तयारीत होतो.

"बरं झालं, सार," तो म्हणाला. मग तोंडावरचा हात त्याने खाली घेतला. समोरचे दोन दात नाहीत, हे ऐकलेलं होतं. पाहिलं आज. "लायसन भेटन. पन लोकाइले 'यानंच मारलं' कोन म्हनलं, ते लिहिलं का?"

 

परत आत गेलो. हवालदार कागद फायलीत लावत होता. म्हटलं, एक राहिलं आहे. काय राहिलं ते सांगितलं.

"काका, ते मारहानीचं वेगळं असते," तो म्हणाला. "त्याची कोनाची तक्रार नाई. गावकऱ्याइचं नाव कोन घेनार? कशाले वाढवता?"

एवढे ट्रक पाहिले, एवढी धूळ खाल्ली, पण असा राग मला एकदाही आला नव्हता. माणसाचे दात जातात आणि म्हणे तक्रार नाही! त्याने तोंड उघडलं तेव्हा ते सुजलं होतं, आणि आता उघडतो तर कागद फायलीत गेला! म्हटलं, गावकऱ्यांचं नाव नका घेऊ. माझं घ्या. पेन उघडा.

माझ्या आवाजाने बाजूच्या टेबलावरचे दोघे वळून पाहायला लागले. कमला दारात येऊन उभी राहिली. हवालदाराने सुस्कारा सोडला, कागद परत काढला आणि सहीच्या खाली जागा शोधली.

मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. लोक आले तेव्हा ते फक्त विचारत होते. ड्रायव्हर त्यांना समजावून सांगत होता. मी त्याच्याकडे बोट दाखवून 'यानंच मारलं' असं दोनदा ओरडलो. तोवर त्याला कुणी हात लावला नव्हता.